मागच्या सीटची सावली

वासुदेवभाऊंनी बनवलेल्या फोटोत मोटारसायकल स्टँडवर उभी असते, वर कोणी नसतं. खाली पडलेल्या सावलीत मात्र मागच्या सीटवर एक बाई एका बाजूला पाय सोडून बसलेली असते.

मूल गावच्या बाजारात भाऊंचं फोटोचं दुकान आहे. गाडी नटवायचं खूळ डोक्यात शिरलं की पोरं मेकॅनिकच्या आधी इथे येतात. भाऊ गाडीचा फोटो कॉम्प्युटरवर घेतात आणि जाड टायर, काळा रंग, उंच हँडल, सगळं बसवून दाखवतात. "पह्यले फोटोत पाह्यून घे, मंग पाना लाव," हे त्यांचं पालुपद. मागची भिंत पुसून प्रत्येक गाडी ते सागाच्या जंगलातल्या एकाच वळणावर उभी करतात. मग ती सावली. एका पोराची सोयरीक तिच्यापायी मोडता मोडता वाचली. "मागं कोण बसली हाये?" एवढंच मुलीकडचे विचारत राहिले.

परवा मधल्या सुट्टीत मीही गेलो. शाळेत मास्तर असलो तरी हौस कॉलेजातलीच आहे. मागच्या चाकावरची साडी गार्डची जाळी माझ्या डोळ्यांत खुपत होती.

भाऊंनी रंग बदलला, टायर बदलले. जाळी तशीच.

"भाऊ, जाळी राहिली."

"वयनी मागं बसते ना, गुरुजी?"

"बसते. पण हा नुसता फोटो आहे."

"मी बी फोटोच पाह्यला होता."

मी पडद्याकडे नीट पाहिलं. सावलीतल्या बाईचा पदर थेट चाकापर्यंत उतरला होता.

"लग्नाचं पह्यलं वर्ष होतं," भाऊ म्हणाले. "जाळीबिना गाडी फोटोत लय झकास दिसली. तिलेच दाखवली. मंग जाळी काढून टाकली. याच वळणावर तिचा पदर चाकात गुतला."

इतकी वर्षं या सावलीवरून भाऊंना हसलो, याची लाज वाटली.

"मग सावली कशाला ठेवता, भाऊ?"

"फोटोतून सारंच पुसता येते. तिले पुसाले हात होत नाई."

त्यांनी पडद्यावर सावली मोठी केली आणि सावलीतल्या चाकावर एकेक तार ओढत जाळी बसवू लागले.

"रोज बसवतो, गुरुजी. सकाळी उघडून पाह्यतो, तं नसते."

वर्गाची घंटा होऊन गेली होती. शेवटची तार ओढून होईपर्यंत मी तिथेच बसून राहिलो.