सासूबाईंची तासुकी

तासुकी धुवायची नाही, असा आमच्या क्लबाचा नियम आहे. तासुकी म्हणजे खांद्यावरून तिरका घ्यायचा पट्टा. लांब पल्ल्याच्या सांघिक शर्यतीत प्रत्येकाने आपला टप्पा पळायचा आणि तो पुढच्याच्या हाती द्यायचा. आमचे कप्तान कानाझाशी (दुकान टोफूचं, आवाज मासळीबाजाराचा) म्हणतात, तिच्यात क्लबाचा घाम आहे. होता, हे खरंच. इतका होता की तासुकी घरात आली की मांजर बाहेर जायचं. म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी मी ती गुपचूप धुतली आणि मागच्या दोरीवर वाळत घातली. स्वच्छतेच्या भानगडीत पडू नये, हे नगरपालिकेत कारकुनी करून तरी मला कळायला हवं होतं.

सकाळी दात घासता घासता मी बायकोला सांगितलं, "फुमिए, दोरीवरची तासुकी माझ्या पिशवीत टाक गं."

"टाकली," ती म्हणाली. आमच्या संसारात एखादी गोष्ट इतक्या सरळ होत नाही. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

आम्ही पाच जण. पहिला टप्पा माझा (सुरुवातीच्या गर्दीत एखादा सावकाश पळतोय हे कुणाच्या लक्षात येत नाही), शेवटचा ओकाबे आजोबांचा. आजोबा न्हावी, क्लब त्यांनीच काढलेला. ही शेवटची शर्यत, असं गुडघ्याच्या डॉक्टरने त्यांना बजावलं होतं. आणि आजवर एकदाही आमची तासुकी त्यांच्यापर्यंत वेळेत पोचली नव्हती. वेळ टळली की पंच पुढच्याला कोरा, परका पट्टा घालून सोडून देतात. दरवर्षी आजोबा तो परका पट्टा घालून पळायचे आणि मग वर्षभर आमची दाढी करताना एक शब्द बोलायचे नाहीत. वस्तरा गळ्याशी असताना ते मौन फार जड जातं.

सुरुवातीच्या रेषेपाशी मी पिशवी उघडली. आत आमचा जांभळा पट्टा नव्हता. लाल फुलाफुलांची एक लांबलचक नाडी होती.

"हे काय?" कप्तानांनी विचारलं.

"तासुकी," मी म्हणालो. खोटं नव्हतं. किमोनोच्या बाह्या वर बांधून बायका कामाला लागतात, त्या नाडीलाही तासुकीच म्हणतात. ही माझ्या सासूबाईंची. आदल्या दिवशी देवळात मोचीच्या गोळ्यांसाठी चिकट भात कुटायला जाताना फुमिएने ती बांधली होती आणि मग धुऊन त्याच दोरीवर टाकली होती. मी फोन लावला.

"अगं, क्लबाची तासुकी कुठाय?"

"क्लबाची कुठली? ते जांभळं फडकं?"

"तेच."

"अहो, त्याने मी आत्ताच सायकल पुसली."

कप्तानांनी डोळे मिटून घेतले. पंच म्हणाले, कापड कुठलंही चालेल, फक्त शेवटपर्यंत तेच पोचलं पाहिजे.

"मग बांधायची कशी ते सांग," मी फोनवर म्हणालो.

"एक टोक दातांत धरा. दुसरं काखेखालून पाठीवर, मग खांद्यावरून पुढे. धरलंत?"

"धरलं."

"बोललात म्हणजे सुटलं."

सुटलं होतं.

"लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदा तरी तोंड मिटून ऐका हो."

शेवटी मला येते ती एकमेव गाठ मी मारली. कचेरीत जुन्या फायलींच्या गठ्ठ्यांना मारतो ती. ते गठ्ठे आजतागायत कुणाला सोडता आलेले नाहीत. गडबडीत माझ्या जर्सीचं टोकही त्या गाठीत गेलं.

धापा टाकत मी टप्प्याच्या शेवटी पोचलो, तेव्हा पोस्टमन मिकामी हात पुढे करून उभा होता.

"द्या."

"सुटत नाहीये."

"मग काय तुम्हाला खांद्यावर घेऊन पळू?"

शेजारून एकामागून एक संघ पुढे जात होते. टोफूच्या गाडीतून कप्तान उतरले, मला दोन्ही हात वर करायला लावले आणि लहान मुलाचं झबलं काढावं तशी तासुकी डोक्यावरून ओढली. सोबत जर्सीही आली. मिकामी ते सगळं गळ्यात घालून पळत सुटला आणि जानेवारीच्या थंडीत मी उघडाबंब राहिलो. कप्तानांनी मला गाडीत कोंबलं. टोफूच्या गाडीत थंडी जास्तच असते.

गाठ पुढेही कुणाला सुटली नाही. शेवटच्या ठिकाणी पंचांनी परका पट्टा आजोबांसमोर धरलाच होता, तेवढ्यात आमचा चौथा गडी वळणावर दिसला. आजोबांनी तासुकी घेतली, ती फुलं पाहिली आणि म्हणाले, "आमची हीसुद्धा दुकान झाडताना अशीच बांधायची." मग ती छातीशी नीट करून ते पळाले. मागे माझी जर्सी फडफडत होती. शेवटून दुसरे आले, पण आपल्याच तासुकीने आले. मला रडू आलं (थंडीचंही होतं).

संध्याकाळी कप्तान म्हणाले, "पुढच्या वर्षीही हीच तासुकी. फक्त उगाच अडकलेलं तेवढं काढून टाकू."

"माझी जर्सी ना?" मी समजूतदारपणे म्हणालो.

"जर्सी राहू दे," ओकाबे आजोबा म्हणाले. "ती बरी पळते."