मागणी पूर्ण झाली आहे

कार्यालयातल्या महिलांच्या स्वच्छतागृहाची कडी सोमवारी सकाळी निखळून हातात आली. घटना तशी साधीच. हेडक्लार्क बाईंनी शिपायाला समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात पिटाळलंही होतं. पण भांडारपालानं त्याला जिन्यातूनच माघारी आणलं.

"बाई, असं परस्पर नाही चालत आता. सगळं कॅटलॉगवरून मागवायचं. स्वसेवा!"

"मग तुम्ही काय करता?"

"तुम्ही स्वतःची सेवा करता ना, तिच्यावर देखरेख."

बाईंनी संगणकावर 'कडी' शोधली. "आपल्याला 'कडेकोट बंदोबस्त' म्हणायचे आहे काय?" यंत्रानं अदबीनं विचारलं. बऱ्याच खटपटीनंतर 'खासगीपणा साहाय्य (दारासह)' अशी एक वस्तू सापडली. नुसती कडी नव्हतीच. बाईंनी तीच मागितली. मंजुरी साहेबांची हवी होती, कारण यंत्रात त्या जागेचे 'प्रमुख वापरकर्ते' म्हणून साहेबांचीच नोंद होती. साहेब पापभीरू. प्रत्यक्ष पाहणीशिवाय मंजुरी द्यायची नाही हा बाणा, आणि पाहणीला आत जायची छाती नाही. दारापर्यंत जायचे, खाकरायचे आणि परत फिरायचे.

तोवर बायका आळीपाळीनं दाराला पाठ लावून उभ्या राहू लागल्या. आवक-जावकच्या टेबलावरच्या मुलीला सातवा महिना. तिचेच हेलपाटे सगळ्यांत जास्त. तिच्यापायी बाईंचा निम्मा दिवस पहाऱ्यात जाई.

अखेर मंजुरी आली आणि तिच्यामागोमाग दोन माणसं आली. त्यांनी बिजागऱ्यांसकट दार उचकटलं.

"अहो, दार कुठं नेताय?" बाई ओरडल्या.

"जुनं जमा झाल्याशिवाय नवं निघत नाही, मॅडम."

"मग नवं कधी?"

"ते आम्हाला नाही माहीत. आमच्याकडे फक्त न्यायचं काम."

आता पाठ टेकायलाही दार उरलं नाही. बाई तणतणत तक्रार नोंदवायला बसल्या. यंत्रानं दाराचा क्रमांक मागितला. तो दारावर होता. 'दार नाही' असं लिहिताच उत्तर आलं: "दार नसल्याने कडीची गरज उरलेली नाही. आपली मागणी पूर्ण झाली आहे. कृपया अभिप्राय द्या."

बाईंनी त्वेषानं 'असमाधानी' दाबलं. पुढं कारणं दोनच दिलेली: 'सेवा अपेक्षेपेक्षा लवकर मिळाली' आणि 'कौतुकाला शब्द अपुरे पडतात'.

"बाई, नको ना," मागून ती मुलगी काकुळतीला आली. "असमाधानी दिलं की चौकशी लागते, आणि चौकशी संपेपर्यंत आपल्या शाखेत कुणाचाच रजेचा अर्ज उघडत नाही. मला बाळंतपणाची रजा टाकायचीय हो."

बाईंनी एकदा तिच्या पोटाकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. मग दात-ओठ खात पाचही तारे पेटवले.

पुढल्या महिन्यात सगळ्या शाखांतली दारं निघाली. 'वापरकर्त्यांच्या भरघोस पसंतीमुळे' असं परिपत्रकात छापलं होतं. त्याला खोटं म्हणायची सोय नाही, वाचकहो. मोबाइलवर पुढचं पान उघडावं म्हणून तारे तर कधी ना कधी तुम्हीही दिलेत.