पंचविसावी पिशवी

माझी गाडी अख्ख्या दिल्लीत कुणाच्या बापाला चोरता येणार नाही, असं मी जानेवारीच्या अखेरीस छातीठोकपणे सांगत फिरत होतो. सोसायटीत सांगितलं, ऑफिसात सांगितलं, मेट्रोत शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थांनाही सांगितलं. आणि ते खोटं नव्हतं हो! चोराला काही करता आलंच नाही. जे काही केलं ते मी केलं.

आधी गाडी कुठली ते सांगतो. दोन सीटची, पिवळी, छप्पर मागे पडणारी स्पोर्ट्स कार. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली, त्यामुळे सुटे भाग मिळत नाहीत, हुडकावे लागतात, आणि त्या हुडकण्यात माझे पंधरा वर्षांचे शनिवार करोल बागेत गेले. रेडिएटरचा पाइप दुसऱ्याच गाडीचा आहे, ब्रेक तिसऱ्या गाडीचे आहेत, आणि नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवल्यापासून ती वळणावर रस्ता सोडत नाही. स्पीडब्रेकरवर पोट घासतं, ते सोडा. सुमित्रा, म्हणजे आमची सौभाग्यवती, तिला ‘तुमच्या त्या दोन खुर्च्या’ म्हणते, कारण घरात माणसं तीन. पण दर रविवारी पहाटे, आमची रेवती झोपलेली असताना, दुसऱ्या खुर्चीत शाल गुंडाळून तीच बसते. निवृत्तीनंतर याच गाडीतून पसरणीचा घाट चढायचा, हे आमचं कधीचंच ठरलंय.

पण आमच्याकडे, म्हणजे दिल्ली काय नि गाझियाबाद काय, पेट्रोलच्या गाडीला पंधरा वर्षं झाली की तिचं आयुष्य संपलं. माझ्या गाडीची पंधरा वर्षं पाच फेब्रुवारीला, बुधवारी भरत होती. त्यानंतर कुणाच्या नजरेला पडली तर उचलून थेट भंगारात. म्हणून मी ना-हरकत दाखला मिळवला, पुण्याच्या धाकट्या भावाला, यशोधनला, त्याच्या पार्किंगमध्ये जागा करायला लावली, आणि गाड्या वाहून नेणारा ट्रक ठरवला. ट्रक बुधवारी सकाळी सहाला हायवेवर उभा राहणार होता. तो आमच्या गल्लीत वळत नाही, तेव्हा तिथवर तीन किलोमीटर गाडी मीच चालवत न्यायची होती.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात शेजारच्या टॉवरखालून दोन गाड्या चोरीला गेल्या! मी करोल बागेत धावलो. तिथले आमचे मिस्त्री, त्यांना सगळे पाजी म्हणतात, मिशीतल्या मिशीत हसले आणि त्यांनी एक छोटं रेसचं स्टीयरिंग काढलं. कळ दाबली की अख्खं स्टीयरिंग हातात येतं. “साहब, ये लगवा लो. चोर क्या दाँतों से चलाएगा?” मी तिथल्या तिथे बसवून घेतलं आणि जुनं त्यांनाच देऊन टाकलं.

झालं! त्या दिवसापासून मी जाईन तिथे स्टीयरिंग माझ्याबरोबर. मेट्रोच्या तपासणीत बॅग मशिनमधून गेली आणि जवानाने मला बाजूला घेतलं. हे काय, म्हणाला. म्हटलं, स्टीयरिंग. आणि गाडी? म्हटलं, घरी. त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि जाऊ दिलं.

मग मनात आलं, चोर घरातच शिरला तर? शनिवारी रात्री हॉलमध्ये दिवाणाशेजारी पिवळ्या कापडी पिशव्यांची रास दिसली. दुसऱ्या दिवशी सुमित्राचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि वाण म्हणून तिने लहान स्टीलच्या पराती आणल्या होत्या. पंचवीस पराती, कागदात गुंडाळून पंचवीस पिशव्यांत. माझं डोकं असं चाललं म्हणून सांगू! एक परात काढून ओट्यावर ठेवली, तिच्या जागी स्टीयरिंग वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं आणि पिशवी राशीच्या मधोमध सरकवली. पंचवीस पिशव्यांत चोराला काय ओळखू येणार? सकाळी काढून घेऊ, म्हणून निवांत झोपलो.

सकाळी विसरलो. दुपारी पुरुषांना घराबाहेर काढतात तसं मलाही काढलं. मी बेसमेंटमध्ये जाऊन गाडीला पॉलिश करत बसलो, आणि वर रेवती दाराशी बसून पिशव्या वाटत होती.

संध्याकाळी वर आलो तर दिवाणाशेजारी एकच पिशवी. ती उघडली. परात!

“बाबा, चोवीस जणी आल्या,” रेवती खूश होती. “रिटर्न गिफ्ट सगळ्यांना पुरलं.”

“वाण म्हणावं,” मी सवयीने म्हणालो आणि स्वयंपाकघराकडे धावलो.

सुमित्राला सगळं सांगितलं. ती ओट्यावरच्या परातीत कणीक मळत होती. दुकानदाराने चुकून एक जास्त दिली असावी, असं तिला वाटलं होतं. ऐकून तिने हात थांबवले. मला वाटलं, ओरडेल. ओरडली नाही, त्याहून वाईट झालं, तिने अगदी शांतपणे सांगितलं, “वाण परत मागत नाहीत.”

“अगं, पण ते वाण नाहीये!”

“कुंकू लावून ओटीत घातलं ना? मग ते वाणच. महिला मंडळात मी तोंड कसं दाखवू? आणि ऐका, मला काय त्या दोन खुर्च्या नकोयत का?” शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज जरा कापला.

तिने मंडळाच्या ग्रुपवर ‘वाण आवडलं का?’ एवढंच टाकलं. एकवीस उत्तरं आली. ‘छानच!’, ‘किती उपयोगी!’, ‘तुझी चॉइस म्हणजे काय!’ स्टीयरिंगबद्दल चकार शब्द नाही. पाजींना फोन केला तर जुनं स्टीयरिंग विकलं गेलं होतं आणि नवं मागवायला आठ दिवस लागणार होते.

शेवटी सोमवारी ऑफिसातून आल्यावर मीच निघालो. परातींच्या तळात दोष निघालाय, तपासणी करायची आहे, असं सांगत दारं वाजवू लागलो. केंद्र सरकारात सव्वीस वर्षं काढल्यामुळे ‘तपासणी’ हा शब्द मला फार चांगला म्हणता येतो. तीन घरांत पराती निघाल्या. चौथं घर मंडळाच्या अध्यक्षा अलकनंदाताईंचं. त्या परात दाखवायलाच तयार होईनात. परातीत पीठ आहे, नाही, परात बाहेर गेलीय, चहा घ्या. मी चहा घेतला आणि हललो नाही. शेवटी त्यांनी दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “विनायकराव, सुमित्राला बोलणार नाही अशी शपथ घ्या.”

मी घेतली. अलकनंदाताईंनी पिशवी उघडलीच नव्हती! आजच दुपारी त्यांचं स्वतःचं हळदीकुंकू झालं, एक वाण कमी पडलं, म्हणून त्यांनी ती तशीच कोपर्निकस मार्गावरच्या अरुणाबाईंना देऊन टाकली. “जड होती हो,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, सुमित्राने यंदा हात सैल सोडलाय.”

अरुणाबाईंचे यजमान तिथल्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात नोकरीला, बिऱ्हाडही त्याच आवारात. मंगळवारी रथसप्तमी, हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस, आणि अरुणाबाईंचं हळदीकुंकू त्याच दुपारी! मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून धावत सुटलो. पोचलो तेव्हा कार्यक्रम सुरू होता. पुरुषांना आत मज्जाव, म्हणून बाहेर पायरीपाशी उभा राहिलो. बायका एकेक करून बाहेर येऊ लागल्या आणि मी वाकून वाकून प्रत्येकीची पिशवी न्याहाळू लागलो. लाल पिशवी, हिरवी पिशवी, कागदी पिशवी. तिथला चौकीदार काठी घेऊन हळूहळू जवळ सरकत होता. सूर्यनारायणाला रथ हाकायला सात घोडे दिलेत, मला निदान एक स्टीयरिंग मिळू दे, अशी मी मनापासून प्रार्थना केली.

आणि दारातून पिवळी पिशवी बाहेर आली! पिशवीच्या मागे सुमित्रा होती. तिने मला पाहिलंसुद्धा नाही, इतकी ती तणतणत होती.

“माझीच पिशवी!” मी समोर आल्यावर ती म्हणाली. “मी चांदणी चौकातून आणलेलं कापड, मी शिवलेली पिशवी, आणि मलाच वाण म्हणून दिली! उघडायची तसदी नाही कुणी घेतली. कोणी दिली असेल यांना ही?”

शपथ आठवली. पिशवी तिच्या हातातून घेतली. जड होती! कागद फाडला. स्टीयरिंग! फाटक्या कागदावर तिळाचे दाणे चिकटलेले आणि मधोमध कुंकवाचं बोट. मी तिथेच पायरीवर बसलो. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? सुमित्राने आधी स्टीयरिंगकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसायलाच लागली. चौकीदार काठी काखेत मारून निघून गेला.

बुधवारी पहाटे धुकं होतं. स्टीयरिंग ‘खट्’ करून बसलं, तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. सुमित्रा शाल गुंडाळून शेजारी बसली आणि ते तीन किलोमीटर आम्ही मुद्दाम हळू गेलो. सहाला गाडी ट्रकवर चढली, साखळ्या आवळल्या, कागदांवर शिक्के बसले. ट्रक धुक्यात दिसेनासा झाला तेव्हा छातीवरची धोंड उतरली. वाचली! रिक्षाने घरी आलो, दोघांनी आल्याचा चहा केला, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा मी दुपारी घोरलो.

शनिवारी यशोधनचा फोन आला. गाडी आली, एक ओरखडा नाही, पार्किंगमध्ये ढकलत नेऊन लावली.

“ढकलत का?” मी विचारलं.

“मग काय करणार? दादा, स्टीयरिंग कुठंय?”

मी मान वळवली. दिवाणाशेजारी पिवळी पिशवी होती. ट्रकवर गाडी चढवली, उतरताना कळ दाबली, काढून काखोटीला मारलं. सवय हो! अक्कल गहाण ठेवलेली नव्हती, फक्त सवय.

सुमित्राने फोनमधलं सगळं ऐकलं होतं. तिने पिशवी उचलली, बाहेरून झटकली आणि नीट गाठ मारून तोंड बांधलं.

“कुरिअर-बिरिअर काही नको,” ती म्हणाली. “चैत्रगौरीचं हळदीकुंकू पुण्याला माझ्या वहिनीकडे असतं आणि तिची बहीण इथे दिल्लीत, द्वारकेला, आपल्याच मंडळात आहे. मी हे उद्या अलकनंदाताईंना वाण म्हणून देते, मागच्या वेळी पुढे कुणी सरकवलं ते मला कळत नाही होय? पोचतं बरोबर.”