सोपी गोल वाट

साहेबांनी तक्रारीचं पत्र टेबलावर ठेवलं आणि त्यावर पेपरवेट ठेवला, तेव्हाच कारकुनाच्या लक्षात आलं की प्रकरण साधं नाही. पंखा बंद होता. पेपरवेटची काही गरज नव्हती.

"वाचा," साहेब म्हणाले.

पत्र एका निवृत्त मुख्याध्यापकांचं होतं. पर्यटन कार्यालयाने दोन वर्षांपूर्वी एक पत्रक काढलं होतं : 'सोपी गोल वाट. वनराई, शेती आणि टुमदार वाड्या. अंतर सहा किलोमीटर, वेळ दोन तास. आबालवृद्धांसाठी.' मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं की आपण बाल नसलो तरी वृद्ध आहोत. पत्रकानुसार सकाळी आठला निघालो आणि संध्याकाळी सहाला ट्रॅक्टरमधून परतलो. मधल्या काळात तीच वनराई तीनदा लागली. पत्रात शुद्धलेखनाची एखादी चूक सापडली असती तर कारकुनाला तेवढाच धीर आला असता. पण मुख्याध्यापकांनी तीही सोय ठेवली नव्हती.

"हे पत्रक तुम्हीच लिहिलंत ना?"

"हो सर."

"चालून पाहिलं होतंत?"

कारकून चालत नसे. त्याचं काम लिहिण्याचं. कार्यालयाच्या कपाटात त्याला दोन जुन्या नोंदी सापडल्या होत्या. एक वाट बसथांब्यापासून निघून जंगलातून 'ओढ्यावरच्या लाकडी पुला'पर्यंत जात होती. दुसरी 'ओढ्यावरच्या लाकडी पुला'पासून निघून शेतांमधून बसथांब्यावर येत होती. दोन्हींची टोकं इतकी सुरेख जुळत होती की खुर्चीतून उठायला काही कारणच उरलं नव्हतं. कारकुनाने मध्ये फक्त विशेषणं घातली.

"चालून असं नाही सर, पण..."

"मग रविवारी जा. चाला. आणि दुरुस्त करून आणा." साहेबांनी एक छापील तक्ता पुढे सरकवला आणि पेपरवेट उचलला. बैठक संपली.

घरी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"रविवारी जरा फिरायला जाऊ या का आपण?" कारकून म्हणाला.

बायकोच्या हातातली उशीची खोळ तशीच राहिली. "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. सहज म्हणून."

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात दोघं मिळून घराबाहेर पडली ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी समाचारालाच. त्यामुळे 'सहज' या शब्दावर तिचा विश्वास बसायला शनिवार उजाडला. हे ऑफिसचं काम आहे, हे कारकुनाने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "मग मला कशाला ओढता?" आणि एकट्याने जंगलात जायची त्याची छाती नव्हती. पत्रक आपण लिहिलंय, हेही अर्थातच सांगितलं नाही.

रविवारी सकाळी नऊला बसने त्यांना थांब्यावर उतरवलं आणि ती धूळ उडवत निघून गेली. कारकुनाच्या पायात ऑफिसचे बूट होते, दुसरे नव्हतेच. बायकोने पत्रक स्वतःच्या हातात घेतलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'थांब्यासमोरील डेरेदार वृक्षापाशी डावीकडे वळावे.' समोर चार झाडं आहेत. यातलं डेरेदार कोणतं?"

"असेल त्यातलंच एक."

"ते मलाही कळतंय."

मोठ्या झाडापाशी वळले, तर वाट एका गोठ्याच्या मागे जाऊन संपली. दोन म्हशींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं. त्यांना अशा पाहुण्यांची सवय दिसत होती. परत येऊन लहान झाडापाशी वळले, तेव्हा जंगल लागलं.

सुरुवातीचा अर्धा तास बरा गेला. पायाखाली पाचोळा होता, वर सावली होती, आणि बायको एकदा चक्क "बरं वाटतंय हो," असंही म्हणाली. मग वाटेला फाटे फुटायला लागले. पत्रकात फाट्यांबद्दल अवाक्षर नव्हतं. कारण जुन्या नोंदीत ते रुक्षपणे 'दुसरा फाटा, मग चौथा' असे दिले होते, आणि कारकुनाने ते आकडे काढून तिथे पाखरं घातली होती.

"'पाखरांच्या किलबिलाटात पायवाट कधी सरते ते कळतही नाही,'" बायकोने वाचलं. मग तिने पायांकडे पाहिलं. खाली नुसतं गवत होतं. "हे मात्र खरं लिहिलंय मेल्याने. सरली पायवाट. कळलंही नाही."

कारकुनाच्या डाव्या टाचेला फोड यायला लागला होता.

"कोण लिहितो हो असलं?" बायको काटेरी फांदी बाजूला करत म्हणाली.

"असेल कुणीतरी."

"खुर्चीला चिकटलेला गोचीड असणार."

"असेल."

"याला धरून इथं आणला पाहिजे. याच काट्यांतून फिरवला पाहिजे. अनवाणी!"

"फिरवला पाहिजे," कारकून म्हणाला. टाच इतकी ठणकत होती की हे वाक्य त्याने अगदी मनापासून म्हटलं.

साडेअकराच्या सुमारास ओढा दिसला आणि त्यावर खरोखरच लाकडी पूल होता. कारकुनाच्या जिवात जीव आला. आता नोंद क्रमांक दोन. पूल ओलांडून उजवीकडे वळलं की गव्हाची शेतं, मग वाडी, मग बसथांबा. पूल ओलांडून ते उजवीकडे वळले. तिथे काटेरी तारेचं कुंपण होतं.

"गहू कुठाय?" बायकोने विचारलं.

"पलीकडे असेल."

कुंपणाखालून सरपटताना कारकुनाची पँट मागच्या बाजूला अशा ठिकाणी फाटली, की त्यानंतर त्याने बायकोला पुढे चालायला सांगितलं. पलीकडे गहू नव्हता. पलीकडे चिखल होता, मग पुन्हा झाडी, मग एक उतार, आणि उतार संपल्यावर ओढा आणि त्यावर लाकडी पूल.

"दुसरा पूल!" कारकून म्हणाला.

"तुमच्या पँटचा तुकडा लटकतोय त्या तारेला," बायको म्हणाली. "पहिलाच आहे."

कारकून तिथल्या ओंडक्यावर बसला. त्याने बूट काढला. मोजा टाचेला चिकटला होता. पाण्याची बाटली रिकामी होती. माणूस एवढा दमला की त्याला खोटं बोलायलाही ताकद उरत नाही.

"हे पत्रक मी लिहिलंय," तो म्हणाला.

"माहितीये," बायको म्हणाली आणि ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाला बसून गुडघा चोळायला लागली.

"कधी कळलं?"

"'टुमदार वाड्या'. थांब्यावरच कळलं. लग्नाआधी तुम्ही मला पत्र पाठवलं होतंत. 'घर टुमदार असून स्थानकापासून सहज चालत येता येते.' पस्तीस मिनिटं चालले होते मी त्या दिवशी, दोन्ही हातांत सामान घेऊन. आणि घर काय, तर एक खोली, तिच्यात एक खांब!"

"मग सकाळपासून शिव्या कशाला देत होतीस?"

"नवऱ्याला तोंडावर देता येत नाहीत हो," बायको शांतपणे म्हणाली. "लिहिणाऱ्याला देता येतात. बावीस वर्षांच्या साठल्या होत्या."

मग, ओढ्याच्या कडेने गेलं तर कुठेतरी माणसं लागतीलच, असं बायकोने ठरवलं. पत्रकाची घडी घालून तिने ती नवऱ्याच्या बुटात टाचेमागे सारली. त्या पत्रकाचा दिवसभरातला पहिला उपयोग तो होता.

दुपारी दोनच्या सुमारास घरांची छपरं दिसली. वाडीतल्या पहिल्याच घराच्या ओट्यावर एक पोक्त बाई शेंगा सोलत बसली होती. या दोघांना लंगडत येताना पाहून ती उठलीही नाही.

"कागदवाले ना?" ती म्हणाली. "या. बूट तिथं काढा. ऊन पाणी ठेवलंय, पाय बुडवा. चहाला दूध आहे, साखर बेताची आहे."

"तुम्हाला कसं कळलं आम्ही येणार ते?" बायकोने विचारलं.

"रविवार आहे ना आज. मागच्या रविवारी सात जण होते. एक म्हातारे मास्तर तर रडायचेच बाकी होते. माझा धाकटा भाऊ सगळ्यांना ट्रॅक्टरमधून थांब्यावर सोडून येतो. दोन वर्षं झाली. सोमवार ते शनिवार शेती करतो, रविवारी कागदवाले वाहतो."

तेवढ्यात तो शेतकरी भाऊ आलाच. धाकटा असला तरी साठीचा होता, आणि दारातून आत जायचं तर त्याला वाकावं लागत होतं, एवढा उंच. त्याने दोघांच्या पायांकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला.

"पुलावरून उजवीकडे वळलात?"

"हो," कारकून म्हणाला.

"अहो, तो पूल वेगळा! गव्हाचा पूल पलीकडच्या ओढ्यावर आहे, पाच किलोमीटरवर. आणि तिथून निघालेली वाट जाते ती पलीकडच्या गावाच्या थांब्यावर. कुण्या शहाण्यानं दोन वाटांची शेपटं एकमेकांना बांधून दिलीत! माझं कुंपण चारदा तुटलं. माझी बहीण दर रविवारी पन्नास कप धुते. तो लिहिणारा एकदा माझ्यासमोर यावा, एवढीच इच्छा आहे."

कारकुनाने पाय पाण्यात जरा खोल बुडवले.

"हेच ते," बायको म्हणाली.

शेंगा सोलायच्या थांबल्या. शेतकऱ्याने कारकुनाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, तो आत गेला, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात चांगली जाडजूड काठी होती.

"उठा," तो म्हणाला.

"हे बघा, मी सरकारी माणूस आहे," कारकून ओल्या पायांनी उभा राहत म्हणाला. "कामात चूक होऊ शकते..."

"घ्या," शेतकऱ्याने काठी त्याच्या हातात दिली. "चढाला लागेल. चला, खरी गोल वाट दाखवतो. दोन वर्षं वाट बघतोय कुणी विचारेल म्हणून."

"आत्ता?"

"मग कधी? साहेबाला काय सांगणार, पाय दुखले? सोपी आहे हो. लहान पोरंसुद्धा चालतात."

कारकुनाने केविलवाण्या नजरेने बायकोकडे पाहिलं. ती ओट्यावरच्या खाटेवर आडवी झाली होती. "ऑफिसचं काम आहे तुमचं," ती डोळे मिटून म्हणाली. "या करून."

वाट खरोखरच चांगली होती. जंगलाच्या कडेने, बांधाबांधाने, दोन वाड्यांमधून ती आरामात जात होती. पण शेतकरी बोलायला लागला की थांबत असे आणि चालायला लागला की थांबत नसे. या बांधावर त्याच्या चुलत्याचं भांडण झालं होतं. या डबक्यात गाय पडली होती. या फाटकापाशी त्याला बायकोकडच्यांनी पहिल्यांदा पाहिलं आणि तो उंच आहे म्हणून जवळजवळ नाकारला होता. "लिहा, लिहा," तो म्हणायचा, आणि कारकून काठी काखेत धरून, एका पायावर उभा राहून लिहायचा. नोकरीत पहिल्यांदाच तो समोर दिसेल तेच लिहीत होता. विशेषणं सुचण्याइतकं त्राणच उरलं नव्हतं. 'गंजलेलं फाटक. उजवीकडे. मग तिसरा बांध. डबकं आहे, जपून.'

साडेचारला शेवटचा चढ संपला. आता बसथांबा, मग बस, मग घर, मग अंथरूण, असं कारकून मनाशी म्हणत होता. समोर एक छप्पर दिसलं.

"हे घर ओळखीचं वाटतंय," तो म्हणाला.

"वाटणारच. आमचंच आहे."

ओट्यावर बायको खाटेवर घोरत होती. शेजारी शेंगांचा ढीग संपत आला होता.

"पण बसथांबा?" कारकुनाचा आवाज चिरकला.

"बसथांबा कशाला?" शेतकरी खरोखरच बुचकळ्यात पडला. "गोल वाट पाहिजे होती ना तुम्हाला? जिथून निघालो तिथं आलो. याहून गोल ती कशी असते?"

"अहो, लोक बसने येणार! थांब्यापासून इथपर्यंत त्यांना कसं आणायचं?"

"आणायचं कशाला?" त्याची बहीण टोपलीतून मान वर न करता म्हणाली. "येतातच की."

कारकून ओट्याच्या पायरीवर बसला. शेतकरी ट्रॅक्टर काढायला गेला. उद्या सकाळी दहाला साहेबांपुढे तक्ता ठेवायचा होता, आणि घरी गेल्यावर आपण काही लिहू शकू अशी त्याची खात्री नव्हती. म्हणून त्याने खिशातून तो चुरगळलेला तक्ता काढला आणि भरायला घेतला. सुरुवात : वाडीतलं पहिलं घर. शेवट : तेच. अंतर : पाच किलोमीटर. वेळ : सोबतीला कोण आहे त्यावर. मग शेवटचा रकाना आला आणि पेन थांबलं.

"'तिथे कसे पोहोचावे'," तो स्वतःशीच पुटपुटला. "इथे काय लिहू?"

"वाट चुकून," खाटेवरून बायकोचा आवाज आला. डोळे अजून मिटलेलेच होते.

कारकुनाने थोडा वेळ याहून बरा शब्द शोधला. घरामागे ट्रॅक्टर दोनदा खोकला आणि सुरू झाला. बाईने दोघांसाठी आणखी दोन कप भरून पायरीवर आणून ठेवले. त्याने एक घोट घेतला, चहा अगोड होता, आणि मग रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं : वाट चुकून.