सोप्या प्रश्नाची भीती

मला कुणी घाबरवू शकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. लिफ्ट दुरुस्तीच्या धंद्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. बंद पडलेल्या लिफ्टखालच्या खड्ड्यात, डोक्यावर लोखंडाचा डोंगर लटकत असताना मी निवांत डुलकी काढलेली आहे. त्यामुळे आमच्या मालकांनी मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षेला बसायला सांगितलं, तेव्हा मी मिशीतल्या मिशीत हसलो. परीक्षाच ती! ती काय मला खाणार?

प्रकरण असं होतं. तक्रार विभागाचे साहेब निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची मला द्यायला मालक तयार होते. अट एकच, मॅनेजमेंटच्या संध्याकाळच्या वर्गाला प्रवेश मिळवून दाखवायचा. नाही मिळाला, तर बाहेरून माणूस आणणार आणि मी खड्ड्यातच राहणार. माझ्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता, फक्त तो मंजूर होत नव्हता. शिवाय खड्ड्यात फोन लागत नाही. तेवढा वेळ बायको हातातलं काम टाकून नुसती बसून राहते, हे मला मेव्हणीकडून कळलं. बायको स्वतः कधी बोलली नाही. म्हणजे खुर्ची मला हवी होती, पण माझ्यापेक्षा जास्त तिला हवी होती.

मी शिकवणी लावली. तिथले सर फार हळू बोलायचे, शेजारच्या खोलीत कुणी आजारी असावं तसे. पहिल्याच दिवशी त्यांनी दिवे मालवले आणि पडद्यावर एक आलेख दाखवला. परीक्षा संगणकावर असते, ते म्हणाले, आणि संगणक तुम्हाला जोखत असतो. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड देतो, चुकलं की सोपा. अवघड प्रश्नांपाशी जो टिकतो त्याला गुण जास्त. एकदा दिलेलं उत्तर बदलता येत नाही, मागे वळून बघता येत नाही.

"प्रश्न अवघड वाटला तर आनंद माना," सर कुजबुजले. "सोपा वाटला, तर समजा तुम्ही घसरलात. आणि लक्षात ठेवा, या परीक्षेत सोपा प्रश्न नसतो. सोपा दिसला तर त्यात काहीतरी लपलेलं असतं."

बाकीच्यांनी ते मुकाट्यानं वहीत उतरवून घेतलं. माझ्या मात्र मानेवरून काहीतरी थंडगार सरकत गेलं. पंखा असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

त्यानंतर घरी एक विचित्र प्रकार सुरू झाला. आमची बायको म्हणजे अवघड प्रश्नांची खाण. गच्चीवरच्या टाकीचं काय ठरलं, माझ्या भावाशी तू असा का वागलास, निवृत्तीनंतर आपण कुठे राहायचं, असले प्रश्न ती चहाच्या घोटाबरोबर विचारते. ती अचानक "आणखी वाढू का?" एवढंच विचारू लागली. काही दिवसांनी तेही बंद झालं. ती नुसती बघायची आणि हसायची. ऑफिसातही तेच. दोराची झीज, ब्रेकचा उशीर, यावर माझी उलटतपासणी घेणारे मालक एक दिवस टेबलापाशी आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरे आहात ना?" ऑफिसचा पहारेकरी तर मला 'कुठे निघालात' एवढंही विचारीनासा झाला. मी दिसलो की हळूच दार उघडायचा.

आता मला सांगा, सरांचा नियम डोक्यात बसलेल्या माणसाने यातून काय समजायचं? सगळे मला सोपे प्रश्न विचारत होते. म्हणजे मी कुठेतरी उत्तर चुकलो होतो आणि अख्खं जग मला पायरी पायरीनं खाली उतरवत होतं. आरशात दाढी करताना मला स्वतःचीच दया आली. परीक्षेच्या आदल्या दिवशी न राहवून मी बायकोला विचारलं, "माझे थोडेच दिवस उरलेत का? डॉक्टर काही बोलले का?" मग तिनं कबूल केलं, की याच्या डोक्याला त्रास देऊ नका, असं तिनंच सगळ्यांना फोन करून बजावलं होतं. मला हायसं वाटलं. पण भीती ही भाडेकरूसारखी असते, एकदा घरात शिरली की सहजासहजी खोली सोडत नाही.

परीक्षेचं केंद्र एका उंच इमारतीच्या तळघरात होतं. लिफ्ट खाली जाताना जराही आवाज झाला नाही. बिनआवाजाची लिफ्ट मी जन्मात पाहिली नव्हती, आणि तुम्हाला सांगतो, आमच्या धंद्यात आवाज न करणाऱ्या लिफ्टवर कुणी विश्वास ठेवत नाही. खाली एका बाईंनी माझं घड्याळ काढून घेतलं, खिसे उलटे करून बघितले आणि माझा तळहात एका काचेवर दाबला. आत ओळीनं माणसं बसलेली, कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड टोप्या, तोंडावर पडद्याचा निळा उजेड. एकही मान हलत नव्हती. बायको वर बाकावर थांबली होती. तिच्यात आणि माझ्यात फक्त एक मजला आहे, हे मी दोनदा मनात म्हटलं.

सुरुवात झकास झाली. पहिल्या प्रश्नानं घाम फोडला, दुसऱ्यानं घसा कोरडा केला. पुढे पुढे तर प्रश्न कोणत्या विषयातला आहे तेच कळेना, आणि मी आनंदानं न्हाऊन निघालो. चढतोय, मी म्हटलं, वरच्या मजल्यांवर चढतोय!

आणि मग तो प्रश्न आला. एक माणूस ताशी चार किलोमीटर चालतो. दोन तासांत तो किती चालेल?

घसरलो! की यात काही लपलंय? मी तो प्रश्न खालून वर, वरून खाली वाचला. हा माणूस चालतोय कशासाठी? वाटेत थांबला असेल तर? मुळात निघाला होता का? आठ हे उत्तर पर्यायांमध्ये ठळक दिसत होतं, पोलिसाला पाहून शिट्टी वाजवत उभ्या राहिलेल्या चोरासारखं. मी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि शेवटचा पर्याय निवडला, 'दिलेली माहिती अपुरी.' काही प्रश्न नुसते चाचपणीसाठी घातलेले असतात, त्यांना गुण नसतात आणि ते कसेही येतात, हे मला फार नंतर कळलं. सरांनी ते सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा पंख्याकडे बघत असणार.

पुढचा प्रश्न तसा अवघड होता, पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तो चुकला. त्यापुढचा सोपा आला, म्हणजे सापळा. मी सावध झालो आणि सोपं उत्तर टाळलं. आणखी सोपा आला, म्हणजे आणखी मोठा सापळा! मी जितका हुशारीनं वागत होतो, तितका प्रश्न मवाळ होत होता. शेवटी पडदा माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलू लागला. एका खोलीत एक माणूस बसला आहे. त्याच्या मागे दुसरा येऊन उभा राहिला. आता खोलीत किती माणसं?

मी मागे वळून पाहिलं. त्या बाई माझ्या मागे उभ्या होत्या! कधी आल्या, देव जाणे. कानांवर टोपी असल्यानं त्यांचे फक्त ओठ हलताना दिसले. 'समोर बघा,' म्हणत असाव्यात. मी समोर बघून उत्तर निवडलं. माहिती अपुरी.

दुसरा माणूस निघून गेला. आता किती उरले?

मी मागे पाहिलं. बाई नव्हत्या. इथे मात्र मी सरळ डोळे मिटले आणि बटण दाबलं.

प्रश्न संपले. पडदा क्षणभर काळा झाला, आणि त्यावर मऊ अक्षरांत विचारणा आली. आपले गुण स्वीकारायचे की रद्द करायचे? स्वीकारल्यास ते लगेच संस्थेकडे जातील. रद्द केल्यास कुणालाही कळणार नाही आणि आपण पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा देऊ शकता.

इतका सोपा प्रश्न! अहो, शेंबड्या पोरानंही रद्द केले असते. माझं बोट तिकडे गेलंही होतं. पण मी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. हा सगळ्यात मोठा सापळा आहे, मी म्हटलं, हा संगणक माझं काळीज तपासतोय. मी ताठ बसलो आणि 'स्वीकारा' दाबलं.

गुण आले. माझा पर्सेंटाइल होता तीन. ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, याचा अर्थ शंभरातले तिघं माझ्या मागे होते. त्या तिघांना मला एकदा भेटायचंय.

वर आलो तेव्हा बायको बाकावर तशीच बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मी खड्ड्यात असतो तेव्हा ती कशी बसत असेल ते मी पहिल्यांदाच पाहिलं. सगळं खरं सांगायचं, असं ठरवूनच मी तिच्याजवळ गेलो.

"फोन लागत नव्हता तुझा," ती म्हणाली. "आता हे शेवटचं, हो ना? यापुढे खाली उतरायचं नाही ना? खरं सांग, कसा होता पेपर?"

मी तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"सोपा होता," मी म्हणालो.

तिनं तिथल्या तिथे डोळे पुसले आणि मालकांना फोन लावला. मी खोटं बोललो नाही, एवढं तुम्ही तरी मान्य करा. इतका सोपा पेपर मी आयुष्यात दिला नव्हता.