तापनरम चष्मा

रामलिंग सरांचा नवा चष्मा मान खाली घातली की नाकावरून घसरायचा. औसा रोडवरच्या अमरेशच्या दुकानातून आणून त्याला दोनच दिवस झाले होते. संध्याकाळी नांदेडला पुतणीचा साखरपुडा होता, म्हणून सरांनी सकाळीच अमरेशला फोन लावला.

"सर, दुकानात या. फ्रेम थर्मोप्लास्टिकची हाय. गरम केली की नरम पडते. दोन मिनिटांत बसवून देतो."

तीस वर्षं मराठी शिकवलेले सर शब्दाचं मूळ सापडल्याशिवाय त्याला सोडत नसत. त्यांनी जाडजूड कोश काढला.

"अगं, ऐकलंस का? थर्मो म्हणजे उष्णता. प्लास्टिक म्हणजे हवं तसं घडवता येणारं. दोन्हीचं मूळ ग्रीक. आपण म्हणायचं, तापनरम!"

"मग जावा की दुकानात," उमाबाई म्हणाल्या.

"अर्थ कळल्यावर दुकान कशाला?"

सरांनी पातेल्यात पाणी उकळलं आणि चष्मा आत सोडला. बाहेर काढला, तर काड्या शेवयांसारख्या लोंबू लागल्या. सर जरा घाबरले, पण माघार घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. फुंकर मारमारून त्यांनी चष्मा चढवला, काड्या कानांमागे गच्च दाबल्या आणि एकशे आठ वेळा 'ओम नमः शिवाय' म्हटलं. मग मान हलवून पाहिली. चष्मा जागचा हलला नाही. सर खूश झाले. तोंड धुवायला तो काढू लागले, तेव्हाही जागचा हलला नाही.

उमाबाईंनी ओढून पाहिलं. तेल लावलं, साबण लावला.

"अहो, कान हातात यायचे! डोकंच बुडवू का पातेल्यात?"

"मी तापनरम नाही!" सर ओरडले.

शेवटी दोघं रिक्षानं दुकानात गेले. अमरेशनं हसू दाबत मशीनची गरम हवा सोडली आणि अलगद चष्मा काढला. सरांचे कान लालबुंद झाले होते.

"दाब जरा जास्त झाला, इतकंच," सर म्हणाले. "पुढच्या वेळी मी..."

"बघ अमरेश," उमाबाईंनी कपाळाला हात लावला. "चष्मा एका झोतात नरम पडला. ह्यांना मी चाळीस वर्षं तापवायलेय, ढिम्म न्हाईत!"

"काकू, तसंबी प्लास्टिक असतंय. एकदा घट्ट झालं की किती बी तापवा, नरम पडत न्हाई. थर्मोसेट म्हणतात त्याला."

उमाबाईंनी काउंटरवरचा पेन त्याच्यापुढे सरकवला.

"तेवढं नाव चिठ्ठीवर लिहून दे रे. नांदेडात समदे विचारतील, सरांच्या कानांना काय झालं म्हणून."