पासष्ट टक्क्यांचे खंडारे

आमच्या शेजारच्या सुखदेवराव खंडाऱ्यांनी स्वतःचा क्रेडिट स्कोअर कळल्याच्या आनंदात गल्लीभर पेढे वाटले होते. स्कोअर होता पाचशे पंच्याऐंशी.

"नऊशेपैकी! म्हंजे पासष्ट टक्के, सर! फर्स्ट क्लास! तेही अभ्यास न करता!" असं म्हणत त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

मी अकोल्यातल्या एका शाळेत तेवीस वर्षं गणित शिकवतो. पेढा तोंडात असतानाच माझं डोकं सणकलं. "अहो खंडारे, यात कोरा पेपर दिला तरी तीनशे मिळतात! तुमचे खरे मार्क सहाशेपैकी दोनशे पंच्याऐंशी. काठावर पास!"

"कोऱ्या पेपरले तीनशे?" ते खूश झाले. "मंग तं लई चांगली बँक हाय, सर."

अशा माणसाशी काय बोलणार? खंडारे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. एकतीस वर्षं अकोला-दर्यापूर. नोकरी संपली, पण अंगातली बस काही उतरली नाही. रेशनच्या रांगेत ते "पुढं सरका" म्हणतात, लग्नाच्या पंगतीत म्हणतात. एकदा दवाखान्यात डॉक्टरांनाही म्हणाले, आणि डॉक्टर सरकले. हिशेबाला मात्र माणूस पक्का. भाजीवालीने चुकून दोन रुपये जास्त परत दिले, तर भर उन्हात जुन्या शहराच्या बाजारापर्यंत चालत जाऊन परत करून आले.

मग स्कोअर काठावर का? कारण पेन्शन खात्यावर बँकेने त्यांना क्रेडिट कार्ड दिलं, चाळीस हजार लिमिटचं. आणि खंडाऱ्यांनी त्या कार्डाला वऱ्हाडी पाहुणचाराचे नियम लावले.

पहिला नियम, ताटात वाढलेलं टाकायचं नाही. "बँकेनं विश्वासानं चाळीस हजार वाढले," ते म्हणत. "आपन चार घास खाऊन उठलो, तं वाढनाऱ्याचा अपमान नाई का?" म्हणून दर महिन्याला ते लिमिट चाटूनपुसून संपवत. महिनाअखेर पाच-सहाशे उरले तर शेंगदाणे आणत. लोकांच्या पोरांच्या लग्नात त्यांनी दिलेल्या मिक्सरांवर या गल्लीची चटणी वाटली जाते.

दुसरा नियम त्याहून भयंकर. घेणाऱ्याने घरी यायचं, बसायचं, चहा घ्यायचा, मग पैसे न्यायचे. पाच तारखेला बिल भरायचं असे. त्या दिवशी खंडारे इस्त्रीचा शर्ट घालून, पाकिटात मोजलेले पैसे घेऊन ओट्यावर बसत आणि बँकेच्या माणसाची वाट पाहत. बँकेचा माणूस कशाला मरायला येतोय? मग बँकेचे फोन येत. ते उचलत नसत. "फोनवर पैशे मांगनारा मानूस खरा नसते, सर." शेवटी पंचवीस तारखेच्या सुमाराला वसुलीवाला राठोड मोटरसायकलवरून येई. गल्लीत त्याला पाहून लोक दारं लावत. खंडारे त्याला हाताला धरून आत नेत. चहा, पोहे, तासभर गप्पा, आणि मग बिल, व्याज, दंड, पेन्शन आणि फंडाच्या पैशातून सगळं रोख. मी भिंतीवरून पाहायचो आणि माझा रक्तदाब वाढायचा. दर महिन्याला! सलग दोन वर्षं!

हे सगळं महागात पडलं ते सायलीमुळे. सायली म्हणजे खंडाऱ्यांची नात, अमरावतीला राहणारी. बाप लहानपणीच गेला, आई शिवणकाम करते. पोरगी बारावीला, तिला नर्सिंगला जायचं होतं आणि फीसाठी शैक्षणिक कर्ज लागणार होतं. सहकर्जदार म्हणून पेन्शनवाले आजोबाच. दिवाळीनंतर खंडारे आधीच चौकशी करायला बँकेत गेले. मॅनेजरने स्क्रीन पाहिली आणि सांगितलं, या स्कोअरवर कर्ज मिळणार नाही.

ते तरातरा माझ्या फाटकाशी आले. "एकतीस वर्षं डेपोत एक रुपया कमी नाई भरला, सर! बँकेचाही नाई बुडवला. व्याज देल्लं, दंड देल्ला, वरून त्याह्यच्या मानसाले पोहे चारले! आन मी बेभरवशाचा?"

"बुडवला नाही, पण उशीर केला!" मीही ओरडलो. "प्रत्येक उशिराची नोंद होते. आणि दर महिन्याला लिमिट संपवलं की त्यांना वाटतं, हा माणूस पैशाच्या ओढाताणीत आहे."

"भरल्या ताटावर बसलेला मानूस उपाशी कसा?"

"त्यांच्या हिशेबात तसंच असतं!"

"मंग माह्या चुकीची सजा पोरीले काहून?"

माझा राग आता खंडाऱ्यांवरून त्या स्क्रीनवर गेला. दोन रुपयांसाठी बाजार गाठणारा माणूस तिला दिसत नाही, वीस दिवसांचा उशीर तेवढा दिसतो!

दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्कूटरवर घालून बँकेत नेलं. बिल पाच तारखेला खात्यातून आपोआप कापलं जाईल असं करून घेतलं. कार्डावर महिन्याला दहा हजारांच्या वर जायचं नाही, अशी ताकीद दिली. खंडारे पथ्य सांभाळावं तसे वागले. शेंगदाणे बंद, मिक्सर बंद. स्कोअर मुंगीच्या पावलांनी वर चढला. उन्हाळ्याच्या शेवटी सातशे बारा झाला आणि पावसाळ्यात सायलीचं कर्ज मंजूर झालं.

मी कॉलर ताठ करून स्कूटरवरूनच त्यांच्या फाटकाशी गेलो. खंडारे ओट्यावर बसले होते. कर्जमंजुरीचं पत्र दाखवलं, हसले, आणि हळूच म्हणाले, "सर, ते आपोआप कापनं आता बंद करता येते काय?"

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" मी भडकलो. "पोरीचं शिक्षण आत्ता कुठे सुरू होतंय! पुन्हा तेच धंदे? मोबाईलवरून बिल भरणं दोन मिनिटांत शिकवतो, चला!"

"मोबाईलवरून येते मले." ते पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते. "सायलीनं कवाच शिकवलं. पन वेळेवर भरलं तं राठोड येत नाई, सर. सायलीची आजी गेल्यापासून या घरात कोनी बसाले येत नाई. तो एक तासभर बसे. त्याच्या पोराबाळायचं सांगे. त्याच्यानं मार्क कापतात हे माईत असतं, तं नसतं केलं. पोरीची आन." मग घाईने म्हणाले, "राहू द्या. नका करू बंद. मी असंच इचारलं."

माझा सगळा संताप जागच्या जागी माझ्यावरच उलटला. अकरा वर्षं मी या माणसाचा शेजारी आहे. अकरा वर्षं मी त्याला शहाणपण शिकवलं, आणि तेही या फाटकाबाहेर, स्कूटर चालू ठेवून. ती आताही चालूच होती. दर महिन्याला दंड भरून माणूस सोबत आणत होता तो, आणि मधे होती फक्त एक भिंत. मला माझी लाज वाटली.

मी स्कूटर बंद केली, फाटक उघडून आत गेलो आणि खुर्चीवर बसलो. खंडारे गडबडून उठले, स्वयंपाकघरात गेले. भांड्यांचा आवाज आला. मग ते चमचा हातात घेऊन दारात आले.

"सर," त्यांनी संकोचून विचारलं, "तुमी साखर किती घेता?"